दादांचा राजीनामा

आमच्या घरी रविवारचं मटण दादा करायचे. वडलांना आम्ही दादा म्हणत असू. घंटेऐवजी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले, की आई, मी आणि माझे दोघे धाकटे भाऊ धुतलेले कपडे घालून देवळात जायचो. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणत. सोनईच्या आसपासची जुनी ख्रिस्ती माणसं अजूनही तसंच म्हणतात. दादा मात्र बाह्या सरसावून चुलीपाशी बसायचे. आमचं घर देवळाच्या अंगणाला लागून होतं. त्यामुळे पाळकसाहेब "आता आपण मस्तकं लववू या" म्हणाले आणि सगळी मंडळी गप्प झाली, की त्या शांततेत आमच्या पाट्यावर फिरणारा वरवंटा स्पष्ट ऐकू यायचा. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, घरचा काळा मसाला. प्रार्थना लांबली तर वासही यायचा. माझा मधला भाऊ डोळे मिटूनच नाक वर करायचा आणि आई डोळे मिटूनच त्याला चिमटा काढायची. मंडळीत कुणालाच याचं नवल राहिलं नव्हतं. उलट उपासना सुटली की म्हातारे पाळकसाहेब सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, "मास्तर, आज दुसऱ्या गीतालाच फोडणी टाकलीत. मला उपदेश आवरता घ्यावा लागला." दादा हसून त्यांच्या ताटात नळी वाढत. मग बाजरीची भाकरी रश्शात कुस्करत दोघं शाळेच्या, पाऊसपाण्याच्या, उसाच्या तोडीच्या गप्पा मारत. देवाचा विषय पाळकसाहेब काढत नसत आणि दादाही काढत नसत.

दादा गावच्या शाळेत शिकवायचे. शांतवन मास्तर म्हणून पंचक्रोशीत त्यांना ओळखत. पण पूर्वी, माझ्या जन्माच्या आधीपासून ते मी अगदी लहान असेपर्यंत, ते सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग टाकून वाड्यावस्त्यांवर उपदेशाला जायचे. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण समोरच्या प्रत्येकाला वाटायचं की हा आपल्याशीच बोलतोय. आईचं माहेर देवळाली प्रवराचं. तिच्या आजोबा-पणजोबांपासून घर ख्रिस्ती, पण ती म्हणायची, "नावाचंच हुतं गं सगळं. नाताळाला करंज्या खायच्या अन् गप बसायचं." एकदा त्यांच्या देवळात हा तरुण मास्तर साक्ष द्यायला उभा राहिला. आपल्याला तारण, म्हणजे प्रभूकडून पापातून सुटका, कसं मिळालं, हे त्याने सांगितलं आणि ऐकता ऐकता आईला पहिल्यांदा वाटलं की हे सगळं खरंच आहे. पुढच्या वर्षी त्याच मास्तराशी तिचं लग्न ठरलं. "प्रभू बी त्यांच्यामुळं कळला अन् नवरा बी तोच मिळाला," असं ती बायांना सांगायची आणि पदर तोंडावर धरून हसायची.

मग एका रविवारी दादांनी कोट घातला नाही. झालं ते एवढंच. कुणाशी भांडण नव्हतं, घरात दुःखाचा प्रसंग नव्हता, दुसऱ्या कुठल्या देवाकडेही ते गेले नाहीत. आईला म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी स्वयंपाकाचं बघतो." पुढे मी कॉलेजात असताना त्यांना याबद्दल विचारलं होतं. ते शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "प्रार्थना करताना पलीकडे कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, एस्तू. मग ते वाटायचं बंद झालं. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. तरी काही वर्षं मी दगड टाकत राहिलो. मग म्हटलं, आपल्याला न सुटलेलं गणित पोरांना सोडवून दाखवायचं नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. थोडी खंत असावी, पण तीही त्यांनी शेंगांच्या फोलपटांसोबत सुपात टाकून पाखडून दिली.

आईने मात्र ही गोष्ट मानलीच नाही. तिचं साधं म्हणणं होतं, की जे एकदा दिलं ते देव परत घेत नाही आणि माणसालाही ते परत करता येत नाही. दादा तिला चिडवायचे, "अगं, मी राजीनामा दिलाय." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "द्या की. मंजूर कुटं झालाय?" हे संभाषण आमच्या घरात इतक्या वेळा झालं असेल, की धाकटा भाऊ खेळताना ते दोन्ही आवाजांत म्हणून दाखवायचा. आई दादांसाठी रोज प्रार्थना करायची, पण हरवलेल्या माणसासाठी करतात तशी नाही. शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येणारच आहे, त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवावी, तशी. आज मागे वळून बघताना मला वाटतं, की इतकं सुखाचं घर मी पुढे फार कमी पाहिलं. एकाच छताखाली एक जण देव आहे म्हणून निवांत होती आणि दुसरा देव नाही म्हणून निवांत होता. आम्ही पोरं त्या दोघांच्या मध्ये मजेत वाढत होतो.

मी अकरावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या मंडळीने संजीवन सभा ठेवली, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा जागवायला काही दिवसांचे उपदेश. देवळासमोर मांडव पडला, नगरहून कर्णा आला. (आता जिल्ह्याचं नाव बदललंय, माझ्या तोंडी नगरच बसलंय.) उपदेशाला कर्जतकडचे एक तरुण प्रचारक बोलावले होते. ब्रदर योहान. तिशीच्या आतले, काटकुळे, डोळे खोल गेलेले. मंडळीत रूथबाई म्हणून ओळखली जाणारी आई महिला मंडळाची प्रमुख होती आणि आमच्याकडे एक खोली जादा होती, म्हणून त्यांचा मुक्काम आमच्या घरी. पहिल्या दिवशी दादांनी त्यांना शेंगोळी करून वाढली. हुलग्याच्या पिठाची ती झणझणीत कडबोळी त्यांनी घाम पुसत खाल्ली आणि "मास्तर, लई दिसांनी घरचं खाल्लं," म्हणाले. कोण मंडळीत येतं आणि कोण येत नाही, हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जो विषय घेतला त्याने सगळी मंडळी हादरली. "तुमाला वाटतं, येकदा तारण झालं की झालं? उसाला पानी तोडल्यावर काय हुतं? लावला हुता ना मी, म्हनून ऊस हिरवा ऱ्हातो का? 'मी विश्वास ठेवला हुता' म्हनता तुमी. हुता! त्या हुत्याला देवाच्या दारात किंमत न्हाई." कर्ण्यातून तो आवाज गावभर जात होता आणि मांडवातली माणसं हळूच मान वळवून आमच्या घराकडे बघत होती. ओट्यावर दादा डाळ निवडत बसले होते. आजवर दादांबद्दल मला कधी काळजी वाटली नव्हती. आता दादांची वाटलीच, पण त्याहून जास्त स्वतःची वाटायला लागली. नाताळाआधी माझं दृढीकरण व्हायचं होतं, म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने सांगायचा होता. पण आपलं तारण आपल्या नकळत गेलं असेल तर? ते गेल्याचं कळतं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी मनात प्रभूचं नाव घेऊन पाहिलं, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. भावांशी भांडायचंही बंद केलं. त्यामुळे त्या दोघांना मी आजारी आहे असं वाटलं.

आता माझा नातू मोबाईलवर मला याच विषयावरचे वाद ऐकवतो. दोन कोटवाले पंडित एकमेकांवर वचनं फेकत असतात. एक म्हणतो जातं, दुसरा म्हणतो जात नाही. नातू विचारतो, "आजी, तुला काय वाटतं?" मी त्याला सांगते, अरे, आमच्या घरी हा वाद जेवणाच्या ताटांवर झाला होता.

झालं असं, की त्या उपदेशाच्याच दिवशी दुपारी ब्रदर योहान, पाळकसाहेब आणि आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, दावीदकाका, आमच्याकडे जेवायला बसले. तोवर ब्रदरना कुणीतरी दादांबद्दल सांगितलं होतं. ते नुसतीच भाकरी मोडत होते. दादांनी आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाले, "ब्रदर, आजचा तुमचा उपदेश मी ओट्यावरून ऐकला. मला पूर्ण पटला."

पाळकसाहेबांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"पटला?" ब्रदर म्हणाले.

"अगदी. माझंच उदाहरण घ्या. माझं होतं, आता नाही. मी कधीपासून हिला तेच सांगतोय, पण ही ऐकत नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं."

दाराशी उभी असलेली आई तेव्हा इतकी चिडली, की तेवढी चिडलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. "ब्रदर, यांच्या नादी नका लागू. ह्यांना बोलायला पायजे फकस्त. अन् तुमी पन! ज्याचं हाय त्यालाच सांगता व्हय, तुझं न्हाई म्हनून?"

"आई, मी न्हाई सांगत, शास्त्र सांगतं," ब्रदर खाली बघत म्हणाले.

"मंग हरवलेल्या येका मेंढरामागं रानात गेलेला मेंढका कोनच्या शास्तरात हाय?"

यावर ब्रदरनीही उत्तर दिलं. त्यांनीही शास्त्रातलेच दाखले दिले आणि ते खोटे नव्हते. बराच वेळ दोघांचं चाललं होतं. दादा मध्येच "हा मुद्दा बरोबर आहे ब्रदरचा" असं म्हणायचे, की आई आणखी भडकायची. पाळकसाहेबांना हसू आवरेना. दावीदकाका मात्र हसले नाहीत. हात धुताना ते म्हणाले, "मास्तर, तुमी सोताच्या तोंडानं सांगितलं, बरं झालं. मंग ज्या घरात बाप असं म्हनतो, त्या घरातल्या पोरीचं दृढीकरन यंदा नको. वरीसभर थांबू. रूथबाईंनी बी तवर मंडळाचं काम दुसऱ्या कुनाला द्यावं."

दादांच्या चेहऱ्यावरची गंमत एकदम उतरली. "दावीदभाऊ, माझं मी बोललो. पोरीचा काय संबंध?" पण दावीदकाका चपला घालून निघून गेले होते. त्या दिवशी आईने चुलीवरची भांडी नुसतीच हलवली, ती जेवली नाही. मी परसात दादांना गाठलं आणि सरळच विचारलं, "दादा, तुम्ही नरकात जाणार?"

ते शेळीला पाला टाकत होते. म्हणाले, "मला तसं वाटत नाही, बेटा. पण मला काय वाटतं हे धरून तू चालू नकोस. तुला काय वाटतं ते तू बघ. आणि रडायचं असेल तर इथे रड, आत आई आधीच रडतेय."

सभा संपली त्याच दिवशी ब्रदर योहानांना ताप भरला. सोनईच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला, हलवायचं नाही म्हणाले. नेमकं तेव्हाच देवळालीहून निरोप आला. मावशीच्या मुलीचे दिवस भरले होते आणि मावशी अंथरुणाला खिळलेली होती. आईला जावंच लागलं. ती धाकट्या दोघांना घेऊन गेली आणि घरात दादा, मी आणि तो तापाने फणफणलेला पाहुणा एवढेच राहिलो. सुट्टी असल्यामुळे दादा दिवसभर त्यांच्या उशाशी. ओल्या पट्ट्या ठेवायच्या, अंग पुसायचं, तांदळाची पेज चमच्याने भरवायची, मळलेली चादर स्वतः विहिरीवर नेऊन धुवायची. चादर धुताना ते सवयीने जुनी भजनं गुणगुणायचे. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "चाल चांगली आहे गं."

एका दुपारी ताप फार चढला. मी स्वयंपाकघरात पेजेपाशी बसले होते, मधलं दार उघडं होतं. ब्रदरचा आवाज आला, "मास्तर, प्रार्थना करा."

"पाळकसाहेबांना बोलावून आणतो," दादा म्हणाले.

"त्ये नगरला गेलेत. तुमी करा."

"ब्रदर, मी बाहेरचा माणूस. तुम्हीच सांगितलंत आणि मीही तेच म्हणतो. माझ्या प्रार्थनेचा काय उपयोग?"

यावर ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं असं रडणं मी तोवर ऐकलं नव्हतं. "मी बी बाह्यरचाच हाय, मास्तर. दारू प्यायचो मी. सोडली, बाप्तिस्मा घेतला, पुन्यांदा प्यालो. पुन्यांदा सोडली, पुन्यांदा प्यालो. माजं दोनदा गेलंय. आता हाय का न्हाई, मलाच ठावं न्हाई. म्हनून मी तसं बोलतो मांडवात. लोकांना भेववत न्हाई मी, माजंच भ्या बोलतं. आज मेलो तर कुटं जाईन, सांगा?"

मग स्टूल ओढल्याचा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. दादांनी ब्रदरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि डोळे मिटले होते. आईच्या तोंडून ज्या आवाजाबद्दल मी नुसतं ऐकलं होतं, त्या आवाजात ते म्हणाले, "प्रभू, हा योहान आहे. तू याला ओळखतोस. याला वाटतं, याने तुझा हात सोडला. हा फार दमलाय. धरून ठेवायचं याच्यात आता बळ नाही. तेव्हा तू धर. याच्याकडून सुटलं तरी तुझ्याकडून सुटू देऊ नको. आमेन."

ब्रदर "आमेन" म्हणाले, आणि थोड्याच वेळात त्यांचा घोरण्याचा आवाज यायला लागला. दादा स्वयंपाकघरात आले. पेज उतू जाऊन चूल अर्धी विझली होती. फडक्याने पातेलं उतरवत त्यांनी विचारलं, "ऐकलंस?"

"व्हय."

"पलीकडून मला काही ऐकू आलं नाही, एस्तू. आई विचारेल तुला, म्हणून खरं ते सांगतो." मग पातेलं खाली टेकवत म्हणाले, "पण त्याला झोप लागली."

त्या दुपारनंतर माझी भीती गेली. कशी गेली ते मला नीट सांगता येत नाही. अजूनही आपलं उरलंय का, हे मी तोवर रोज चाचपत होते. दादांची प्रार्थना ऐकल्यावर ते चाचपणं थांबलं. धरायचं काम माझं एकटीचं नव्हतं, एवढं मला कळलं आणि त्यावर माझं सगळं आयुष्य बरं गेलं.

मावशीच्या मुलीला मुलगा झाला. आई बारशाचे घुगऱ्या-लाडू घेऊन आली, तोवर ब्रदर भिंतीला टेकून बसायला लागले होते. मी तिला परसात नेऊन सगळं सांगितलं, अगदी दादांचं शेवटचं वाक्यसुद्धा. मला वाटलं होतं ती उड्या मारेल, दादांना बोलून दाखवेल. तिने फक्त विचारलं, "पेज सांडली म्हन्तीस, मंग त्याला दुसरी केली का न्हाई?" आणि चूळ भरायला हौदाकडे गेली. पण नंतर कितीतरी दिवस भांडी घासताना तिचं गाणं थांबलं नाही. दादांशी त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही.

ब्रदर योहान निघायच्या आधी काठी टेकत दावीदकाकांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं, की माझं दृढीकरण यंदाच होईल आणि आईचं काम आईकडेच राहील, असा निरोप दावीदकाका स्वतः घेऊन आले. ब्रदरनी आपलं मत काही बदललं नाही. तारण जातं, असंच ते पुढेही शिकवत राहिले, फक्त जरा हळू आवाजात. दरवर्षी सुगीनंतर ते आमच्याकडे यायचे, आईशी त्याच विषयावर भांडायचे आणि भरपूर जेवायचे. दारूला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, असं ऐकलं.

दृढीकरणाच्या आदल्या दिवशी मी दादांना म्हटलं, "तुम्ही याल?" ते म्हणाले, "ऐकायला येईन." इतक्या वर्षांनी कोट बाहेर निघाला, तर तो पोटावर बसेना. बटणं उघडी ठेवूनच ते आले आणि पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर बसले. तेव्हा देवळात बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसत. आम्ही पाच-सहा पोरंपोरी पुढे उभे राहिलो, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. माझा आवाज कापला नाही. मग प्रभुभोजन झालं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून विश्वास धरणाऱ्यांनीच घ्यायचा पाव. पाळकसाहेब पावाच्या बारीक तुकड्यांची ताटली घेऊन ओळीओळीने फिरत होते. शेवटच्या बाकापाशी आल्यावर ते दादांसमोर थांबले. दादांनी छातीवर हात ठेवून अदबीने मान हलवली. नको. पाळकसाहेबांनीही मान हलवली आणि ते पुढे सरले.

तेवढ्यात आई उठली. तिचा तुकडा अजून तिच्या हातातच होता. बायांची बाजू सोडून, मधली वाट ओलांडून ती सगळ्यांदेखत पुरुषांच्या बाजूला गेली. आधीच एवढासा असलेला तो तुकडा तिने मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा दादांच्या उजव्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. परत येऊन आपल्या जागी बसली आणि पदर सारखा केला. दावीदकाकांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

उपासना सुटल्यावर सगळे माझं अभिनंदन करायला आले, दादांनाही "सलाम, मास्तर" म्हणून हात पुढे करू लागले. दादांनी प्रत्येकाशी डावा हात मिळवला. उजवी मूठ कोटाला चिकटवून धरली होती. त्या मुठीतल्या तुकड्याचं त्यांनी काय केलं, खाल्ला की पाखरांना टाकला की कुठे जपून ठेवला, हे आईने कधी विचारलं नाही आणि दादा जाईपर्यंत मीही विचारलं नाही. मला इतकंच माहीत आहे, की अंगण ओलांडून आम्ही घरी आलो तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे होते, आणि दाराची कडीसुद्धा त्यांनी डाव्या हाताने काढली.